पान एकसष्ट

मे महिन्यात बुल्डीत फोन फुगतात.
खरंच. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की
बॅटऱ्या पुऱ्यांसारख्या टम्म होऊन पाठ उचलून धरतात
आणि मोदी नंबर तीनमध्ये, माझ्या काउंटरपाशी
तोंडाला दुपट्टे बांधलेली पोरं-पोरी उभी राहतात,
घरातलं कोणी दवाखान्यात असावं अशी.

"काका, कधी होईन?"
"उद्या ये."
"उद्या? मंग मी आज काय करू?"

बारा वर्षं हा प्रश्न ऐकतोय.
माझ्याकडे उत्तर नाही. एक स्टूल आहे, माठ आहे.

उत्पला गजभिये, अकरावी.
स्क्रीनवर कोळ्याच्या जाळ्यासारखी तडक,
पॅटर्न चिठ्ठीवर काढून दिला आणि गेली.

नवा डिस्प्ले लावला की गॅलरी उघडायची:
एक उजळ फोटो, एक काळोखा,
दोन-तीनदा बोट फिरवायचं, बंद करायचं.
धंद्याचा नियम आहे, त्यापुढे बघायचं नाही.
मला वाटलं, फुटाळ्यावरचे चेहरे निघतील, वाढदिवसाचे केक.
निघाली पानं.
पुस्तकाची पानं, एकापाठोपाठ एक, दोनशेच्या वर,
प्रत्येकाच्या कोपऱ्यात तोच अंगठा,
नखावर अर्धी उडालेली जांभळी नेलपॉलिश.
पहिल्या पानावर पाचपावलीच्या वाचनालयाचा शिक्का.
तिथं पाचशे अनामत भरल्याशिवाय पुस्तक घरी देत नाहीत,
हे मला ठाऊक आहे. मीही कधी भरली नव्हती.

बोट फिरवलं. मग अजून एकदा.
यामी नावाची एक मुलगी
उमरेडकडून निघालेल्या मालगाडीत, कोळशावर झोपून पळाली होती.

शेजारी सोहेल सोल्डरिंग करत होता,
कानात गोष्ट, दीडपट वेगानं.
(त्याच्या गोष्टीत मरणारा माणूसही घाईत मरतो.)
"काका, डिस्प्ले केव्हाचाच लागला. काय करून रायले?"
"टच तपासतोय."
"दीड तास?"

साठाव्या पानाच्या शेवटी
यामीनं कुणाचं तरी दार वाजवलं. दार उघडलं आणि
पुढचा फोटो हललेला.
एकसष्ट-बासष्ट म्हणजे राखाडी धूर,
बहुतेक मागून कुणी धक्का दिला असेल,
किंवा वाचनालय बंद व्हायची वेळ झाली असेल.
त्रेसष्टवर सरळ लिहिलंय:
म्हणून तिनं चप्पल उलटी ठेवली.

म्हणून म्हणजे काहून?
रात्री जेवताना विचार केला. दारात कोण होतं?
बायको म्हणाली, कोणाचं दार?

तिचे मेसेज मी उघडले नाहीत, शप्पथ.
पण हेही चोरूनच की.
कुणाच्या खिडकीतून आत बघावं
आणि आत ती नुसती वाचत बसलेली असावी,
तरी आपण खिडकीतच उभे.

दुसऱ्या दिवशी आली. फोन उलटापालटा केला.
"काका, सत्तर टक्के होती. अकरा कशी?"
"टेस्टिंग."
सांगावंसं वाटलं, पोरी, एकसष्ट पुन्हा काढ, हललंय.
शब्द दातांपर्यंत आले. मी शंभर रुपये कमी घेतले.
तिला संशय आला:
"डुप्लिकेट तर नाई टाकला?"

रविवारी दुकान बंद ठेवून मी पाचपावलीला गेलो.
नोंद क्रमांक पाठ होता, तीन हजार चारशे आठ.
कपाटात त्या जागी
शेजारची पुस्तकं एकमेकांवर कललेली.

ती खिडकीपाशी होती.
कूलरच्या वाऱ्यानं पान उडू नये म्हणून कोपराखाली दाबलेलं,
वर माझा डिस्प्ले, झगझगीत.
काउंटर नव्हता म्हणून तिनं मला ओळखलं नाही.
मी वर्तमानपत्र शोधतोय असं दाखवत
तिच्या मागं जाऊन थोडा वाकलो.
पानाचा आकडा अंगठ्याखाली.
पहिली ओळ दिसली, दारातल्या माणसानं

"काका, बाजूला व्हा ना," ती वळूनही न बघता म्हणाली,
"फोटोत सावली येऊन रायली."